स्मिता पाटीलला ‘गॉड गिफ्ट’ म्हणणं थांबवा

स्मिता पाटीलचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी बोलतात. एक म्हणजे किती लवकर गेली, आणि दुसरं, काय गॉड गिफ्ट होतं हो, कुठे अ‍ॅक्टिंग शिकली नाही काही नाही. पहिलं खरंच आहे, १३ डिसेंबर १९८६, वय ३१, बाळ जेमतेम पंधरा दिवसांचं. पण दुसरं ऐकलं की मला राग येतो. शिकली नाही कशी? आपण ज्याला शाळा म्हणत नाही तिथे शिकली एवढंच.

जन्म १९५५ चा, पुण्यातला. वडील शिवाजीराव पाटील मूळचे शिरपूरकडचे, समाजवादी, पुढे राज्यात मंत्री झाले, आई विद्याताई नर्स. घरच राष्ट्र सेवा दलाचं, म्हणजे त्या समाजवादी संघटनेचं, त्यामुळे ही पोरगी लहानपणापासून त्यांच्या गाण्या-नाटकांच्या कलापथकात. ज्यांनी सेवा दलाचं कलापथक जवळून बघितलंय त्यांना विचारा ते काय असतं! समूहगीत म्हणताना आपला आवाज शेजारच्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, समोर शेतातून थेट आलेली माणसं, त्यांना खोटं लगेच कळतं, आणि कार्यक्रम संपला की सतरंज्या आपणच गुंडाळायच्या. ‘मंथन’ पिक्चरमधली तिची बिंदू गावातल्या बायकांच्यात बसते तेव्हा हिरोईन वेगळी शोधावी लागते, ते मला तरी तिथूनच आलेलं वाटतं.

मग दूरदर्शन. मुंबई केंद्र १९७२ ला सुरू झालं आणि ही तिथे मराठी बातम्या वाचायला लागली. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची हा किस्सा बहुतेकांना माहितीये. आमच्या आईच्या चाळीत एकच टीव्ही होता, लाकडी शटरवाला, आणि बातम्यांना अख्खा मजला त्या खोलीत. आई सांगते, ही मुलगी आली की बायका गप्प व्हायच्या, सावळी, मोठं कुंकू, आणि थेट आपल्याकडे बघतेय असं वाटायचं. आता रोज कॅमेऱ्याकडे बघून, जराही न हलता, शब्द न गिळता बोलायचं, ही ट्रेनिंग नाही तर काय आहे? दिग्दर्शक श्याम बेनेगलांनी तिला हेरलं ते या बातम्यांमधेच.

आणि ‘भूमिका’! जुन्या मराठी सिनेमातल्या नटी हंसा वाडकरांच्या आत्मकथेवरचा पिक्चर, १९७७ चा, शूटिंगच्या वेळी हिचं वय एकवीस-बावीस. त्या वयात तिने कोवळ्या पोरीपासून लग्नाच्या वयाची मुलगी असलेल्या आईपर्यंतचा प्रवास केलाय. सेटवर लावणीच्या थाटात नाचणारी उषा, म्हणजे यातली नायिका, बघा आणि लगेच घरी नवऱ्याशी भांडणारी उषा बघा, आवाज निराळा, मान धरण्याची पद्धत निराळी, साडीचा पदर ओढून घेणंसुद्धा निराळं, हे सगळं आपोआप होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आरशासमोर करून बघावं. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तिला त्यासाठी, मग ‘चक्र’साठी परत. त्याच १९७७ मधे ‘जैत रे जैत’मधली ठाकर आदिवासींची चिंधीही करून बसली होती. एका वर्षात दोन टोकाच्या बायका, आणि आपण म्हणायचं देवाने दिलं!

१९८२ ला ‘उंबरठा’ लागला तेव्हा आई चाळीतल्या चौघीजणींबरोबर गेली होती. सुलभा घर सोडून सुधारगृहातल्या नोकरीला निघते तिथे शेजारच्या काकू आईच्या कानात म्हणाल्या, “अगं, ही आपली बातम्यांतली ना?” आणि मग पिक्चरच्या शेवटी गाडी निघून जाईपर्यंत चौघींपैकी कोणी काही बोललं नाही.