‘बायसिकल थीव्हज’ नवख्यांनी बनवलेला नाही

नाटक-सिनेमाच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: ‘युद्धानंतर इटलीत स्टुडिओ नव्हते, पैसा नव्हता, नट नव्हते. काही धाडसी तरुणांनी रस्त्यावरची माणसं उचलली, पटकथेशिवाय कॅमेरा सुरू केला आणि जगातले थोर सिनेमे बनवले. म्हणून नाट्यशिबिरं, फिल्म इन्स्टिट्यूट, सहायक दिग्दर्शकाची उमेदवारी यांत वर्षं घालवू नका. मोबाइल उचला आणि सुरू करा.’

मोबाइलवर जरूर चित्रीकरण करावं. पण त्यासाठी इटलीची साक्ष काढली जाते, ती खोटी आहे. मला हा मजकूर खुपतो तो एवढ्यासाठी, की पडद्यामागे राबत शिकणाऱ्या कितीतरी मुलामुलींना तो सांगतो, तुमची वर्षं वाया चालली आहेत.

‘धाडसी तरुण’ इथपासूनच सुरुवात करू. ‘बायसिकल थीव्हज’ 1948 सालचा. त्या वेळी त्याचे दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका 47 वर्षांचे होते. 1923 मध्ये ते तात्याना पाव्हलोव्हा यांच्या नाटक कंपनीत लागले, आणि 1930च्या दशकात मारिओ कामेरिनींच्या हलक्याफुलक्या सिनेमांमुळे घराघरांत पोचलेले, गाणारे, देखणे नायक झाले. दिग्दर्शनाकडे ते 1940 मध्ये वळले, म्हणजे अभिनयात मुरल्यानंतर. रोबेर्तो रोस्सेलिनींनी 1945 मध्ये ‘रोम, ओपन सिटी’ केला, त्याआधी त्यांचे तीन पूर्ण लांबीचे युद्धपट झाले होते, तेही फॅसिस्ट राजवटीच्या छत्राखाली. त्यांतल्या एकाची कथा तर मुसोलिनीच्या मुलाची, व्हित्तोरिओची, टोपणनावाने लिहिलेली. ही गोष्ट सोयीची नाही, पण त्यांचा हात तिथे बसला हे खरं आहे. याच पिढीतले दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोंती सरदार घराण्यातले. त्यांनीही 1936 मध्ये फ्रान्समध्ये दिग्दर्शक ज्याँ रन्वार यांच्या हाताखाली सहायकाचं काम केलं.

‘पटकथाच नव्हती’ हा दावा तर कुठून आला कळत नाही. लुईजी बार्तोलिनींच्या कादंबरीवरून घेतलेल्या ‘बायसिकल थीव्हज’च्या श्रेयनामावलीत पटकथेसाठी अर्धा डझनाहून अधिक नावं आहेत, त्यांत चेझारे झाव्हात्तिनी आणि सूझो चेक्की दामिको आहेत. ‘रोम, ओपन सिटी’ सेर्जो आमिदेई आणि फेदेरिको फेलिनींनी लिहिला आणि त्याच्या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं. हे फेलिनी 1939 मध्ये रिमिनीहून रोमला आले, ‘मार्क ऑरेलिओ’ या आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या विनोदी नियतकालिकात लिहू लागले, मग रेडिओसाठी, मग दुसऱ्यांच्या सिनेमांसाठी. दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव प्रथम लागलं 1950 मध्ये, तेही आल्बेर्तो लात्तुआदांच्या जोडीने. मधली अकरा वर्षं लिहिण्यात गेली, आणि त्यांच्या सिनेमातल्या प्रत्येक बारक्या पात्राला जो चेहरा आहे तो त्या लिखाणातून आला, असं माझं ठाम मत आहे.

स्टुडिओंचं उत्तर थोडक्यात. रोममध्ये चेन्त्रो स्पेरिमेन्ताले ही सिनेमाची शाळा 1935 मध्ये निघाली आणि चिनेचित्ता स्टुडिओ 1937 मध्ये उभा राहिला. युद्धाच्या अखेरीस स्टुडिओत निर्वासितांची छावणी होती, म्हणून काही काळ बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तरीही ‘रोम, ओपन सिटी’मधली घराच्या आतली कितीतरी दृश्यं उभारलेल्या सेटवरचीच आहेत. कॅमेऱ्यामागे मूकपटांच्या काळापासून काम करणारे उबाल्दो आराता होते. ‘बायसिकल थीव्हज’च्या कॅमेऱ्यामागचे कार्लो मोंतुओरीही त्याच पिढीतले.

आता नटांकडे येऊ. इथे मजकुरात अर्धं सत्य आहे, म्हणून तो पटतो. ‘रोम, ओपन सिटी’मध्ये पिना झालेली आन्ना मान्यानी रस्त्यावरून उचललेली बाई नव्हती. तिने रोमच्या नाट्यशाळेत शिक्षण घेतलं, नंतर संगीत-विनोदाच्या रंगमंचीय कार्यक्रमांत तोतोसारख्या कसलेल्या विनोदवीरासोबत वर्षानुवर्षं रोज रात्री प्रेक्षकांना सामोरी गेली. सिनेमातला तिचा सहकलाकार आल्दो फाब्रित्सीही त्याच रंगमंचावरचा. लष्करी ट्रकमागे धावत गोळी खाऊन पडणारी पिना पाहताना आपल्याला वाटतं की कॅमेऱ्याने ही बाई अशीच टिपली. तसं वाटायला लावणं हेच मान्यानीचं कसब.

‘बायसिकल थीव्हज’चा लाम्बेर्तो माज्जोरानी मात्र खरोखरच कामगार होता, ब्रेदा कारखान्यातला. नायकाची भूमिका त्याला मिळाली ती त्याच्या चेहऱ्यामुळे आणि चालण्यामुळे. पण त्याच्याकडून काम करवून घेणारा माणूस स्वतः पंचवीस वर्षं अभिनय केलेला नट होता. दे सिका नवख्यांना प्रत्येक प्रसंग स्वतः करून दाखवत. नवखा माणूस पडद्यावर उभा राहतो तेव्हा अनुभव कुणाचा तरी लागतोच. इथे तो दिग्दर्शकाचा होता. त्यातच इटलीत आवाज नंतर भरायची पद्धत. दिग्दर्शक पासोलिनींच्या 1961च्या ‘अक्कात्तोने’मध्ये फ्रांको चित्ती हा झोपडवस्तीतला मुलगा नायक आहे, पण आपण ऐकतो तो आवाज पाओलो फेर्रारी या व्यावसायिक नटाचा.

आणि त्या माणसांचं पुढे काय झालं, याबद्दल मजकूर अवाक्षर काढत नाही. जगभर गाजलेल्या सिनेमाचा नायक माज्जोरानी कारखान्यात परतला आणि कामगारकपातीत त्याची नोकरी गेली. गवंडीकाम केलं, छोट्या भूमिका मिळत राहिल्या. पासोलिनींच्या ‘मम्मा रोमा’त इस्पितळातला ज्याचा रेडिओ चोरीला जातो तो रुग्ण माज्जोरानी आहे, जाणकार प्रेक्षक त्याला ओळखतात, पण ओळखीने पोट भरत नाही. ‘कुणीही स्टार होऊ शकतो’ याचा पुरावा म्हणून या माणसाचं नाव घेणं मला अन्याय्य वाटतं.

काहीजण टिकले, तेही पाहू. दे सिकांच्या ‘शूशाइन’ (1946) मधली दोन मुलं घ्या. दोघंही नवखी, दोघांचं काम सारखंच काळजाला भिडणारं. रिनाल्दो स्मोर्दोनी सिनेमात फार काळ राहिला नाही. फ्रांको इंतेर्लेंगी राहिला. त्याने व्हिस्कोंतींच्या हाताखाली रंगभूमीवर काम केलं आणि 1953 मध्ये फेलिनींच्या सिनेमात मध्यवर्ती भूमिका केली. दे सिकांच्याच ‘उंबेर्तो डी’मधली मोलकरीण मारिया पिया काझीलिओ हीसुद्धा आधी कधी न खेळलेली मुलगी, पण पुढे दशकभर दुय्यम भूमिकांत नेटाने काम करत राहिली. फ्रांको चित्ती तर 1972 मध्ये ‘द गॉडफादर’मध्ये दिसतो. रस्त्यावरून दार उघडतं हे खरं. आत राहायला कामच शिकावं लागतं.

सहायकाच्या उमेदवारीला नावं ठेवणाऱ्यांनी ‘ला तेर्रा त्रेमा’ची नामावली वाचावी. 1948चा हा सिनेमा सिसिलीतल्या आची त्रेझा गावच्या कोळ्यांना घेऊन केलेला, म्हणजे मजकुराच्या लेखी आदर्शच. व्हिस्कोंतींचे तिथले सहायक होते फ्रांचेस्को रोझी आणि फ्रांको झेफिरेल्ली, दोघेही पुढे दिग्दर्शक झाले. रोझींनी पहिला स्वतंत्र सिनेमा 1958 मध्ये केला. ‘अक्कात्तोने’वर सहायक होता विशीतला बेर्नार्दो बेर्तोलुच्ची, तोही पुढे दिग्दर्शक झाला. आणि ‘बायसिकल थीव्हज’मध्ये पावसात आडोशाला आलेल्या, पाद्री होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांतला एक जण म्हणजे सेर्जो लेओने. त्या सिनेमावर तो सहायकांपैकी होता, आणि त्याने दिग्दर्शित केलेला ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ 1964 चा. मधल्या काळात त्याने इतरांच्या सिनेमांत भरपूर ओझी वाहिली, आणि ती वाहताना मोठी गर्दी, घोडे, ऊन आणि वेळापत्रक सांभाळायला शिकला.

याच गैरसमजाची आपल्याकडची शाखाही आहे. 1952च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, तिथे हे इटालियन सिनेमे दाखवले गेले, आणि पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ आला. ‘बघा, एक सिनेमा पाहिला आणि करून टाकला’ असं त्याबद्दल सांगितलं जातं. त्याचे दिग्दर्शक बिमल रॉय तोवर कोलकात्याच्या न्यू थिएटर्समध्ये कॅमेरामन म्हणून घडले होते आणि 1944 पासून दिग्दर्शन करत होते. रिक्षा ओढणारे बलराज साहनी इप्टा या नाट्यसंघटनेच्या रंगभूमीवर तयार झालेले. महोत्सवाने त्यांना दिशा दाखवली असेल, पण त्या दिशेने चालण्याची ताकद ते घेऊनच आले होते.