‘९९ टक्के मराठी माणसांना माहीत नसलेल्या’ बारा गोष्टी आणि त्यातल्या थापा

एक मे जवळ आला की आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज उगवतो. ‘महाराष्ट्राबद्दलच्या १२ गोष्टी, ज्या ९९ टक्के मराठी माणसांना माहीत नाहीत.’ खाली भगवे झेंडे आणि ‘खरा मराठी असाल तर पुढे पाठवाल’ ही धमकी. यंदा धाकट्या आत्यानं टाकला. एरवी मी हात जोडून पुढे जाते. पण आत्याचा मुलगा पुण्यात खोली घेऊन एमपीएससीची तयारी करतोय, आणि त्यानं बाराच्या बारा मुद्दे वहीत उतरवून घेतले. वर मला फोन करून विचारतो, ‘ताई, हे कम्बाइन परीक्षेला विचारतील का गं?’

विचारणार नाहीत रे बाबा, पण तू चुकून लिहून आलास तर गुण जातील. म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकते. पैठणी, हापूस, मिसळ हे मुद्दे सोडून देते, त्यावर वाद घालायला जन्म पुरायचा नाही.

पहिला मुद्दा रेल्वेचा. ‘आशियातली पहिली रेल्वे महाराष्ट्रात धावली.’ बरं, हे बऱ्यापैकी खरं आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. फक्त ‘पहिली प्रवासी गाडी’ असं म्हणा, कारण दगड वाहणारी रेल्वे मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच सुरू झाली होती. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मेसेजात तिन्ही इंजिनांची नावं आहेत, पण मुंबईत रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून खटपट करणाऱ्या नाना शंकरशेठ यांचं नाव नाही. त्याऐवजी ‘इंग्रजांनी महाराष्ट्राला दिलेली भेट’ म्हटलंय. अभिमानाचा मेसेज आणि श्रेय इंग्रजांना!

हीच खोड पुढे सगळीकडे दिसते. कुठलीही गोष्ट थोर ठरायला बाहेरच्या कुणाचा तरी शिक्का लागतो. नासाचा, युनेस्कोचा, व्हिएतनामचा. आणि माणसं कमी पडली की परग्रहवासीयांचा.

नासा येते लोणारच्या मुद्द्यात. ‘जगातलं तिसरं सर्वांत मोठं उल्काविवर, नासाचे शास्त्रज्ञही चक्रावले, २०२० मध्ये पाणी आपोआप गुलाबी झालं.’ लोणारचं विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद आहे. जग सोडा, मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यातलं ढाला विवर त्याच्या कितीतरी पट मोठं आहे. लोणारचं मोठेपण आकारात नाहीच. ते आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये झालेलं आणि चांगलं टिकलेलं विवर आहे, आणि चंद्र-मंगळावरची विवरंही तशाच खडकात असल्यामुळे अभ्यासकांना त्याचं अप्रूप. पाणी गुलाबी झालं हे खरं. नासानं उपग्रहातून घेतलेले फोटोही प्रसिद्ध केले, तेही खरं. पण चक्रावलं कुणी नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं की पाणी आटून खारटपणा वाढला आणि खारात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले, त्यांचं रंगद्रव्य गुलाबी. उत्तर पुण्यात सापडलं आणि मेसेज अजून नासाकडे बघतोय. राहिलं ‘या पाण्यानं त्वचारोग जातात’ हे शेपूट. ते पाणी खारट तर आहेच, शिवाय चांगलंच अल्कधर्मी आहे. कृपा करून कुणी बाटलीत भरून घरी आणू नका.

शनिशिंगणापूर. ‘घरांना दारं नाहीत, चोरी आजवर झालेली नाही.’ दारांचं बऱ्याच अंशी खरं. चोरीचं नाही, २०१० च्या सुमारास तक्रारी झाल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणंही आलं. पुढे.

आता व्हिएतनाम. ही गोष्ट तुम्ही वाचली नसेल तर तुमच्याकडे फोन नसावा. अमेरिकेला हरवल्यावर व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांना पत्रकारांनी विचारलं, हे कसं जमलं? ते म्हणाले, आम्ही शिवाजी महाराजांचं चरित्र वाचलं. मग त्यांच्या समाधीवर म्हणे कोरलंय, ‘शिवाजी महाराजांचा एक मावळा इथे विसावला आहे.’ आणि त्यांच्या परराष्ट्रमंत्री रायगडाची माती कपाळाला लावून, पिशवीत भरून घेऊन गेल्या.

राष्ट्राध्यक्ष हो चि मिन्ह वारले २ सप्टेंबर १९६९ ला. युद्ध संपलं ३० एप्रिल १९७५ ला. मग विजयानंतरची मुलाखत दिली कुणी? त्यांचा देह हनोईच्या बा दिन्ह चौकातल्या स्मारकात काचेआड जतन करून ठेवलाय आणि दर्शनी भागावर हुद्द्यासकट त्यांचं नाव आहे. मावळा नाही, शिवाजी नाही. हल्ली मुंबईहून सहली जातात तिकडे, रांगेत उभं राहून स्वतः बघून या. युद्धाचं डोकं होते सेनापती व्हो न्गुएन झाप. ते मुळात इतिहासाचे शिक्षक. तेराव्या शतकात मंगोलांना नदीत गाठून बुडवणारा त्रान हुंग दाव हा त्यांचा घरचा आदर्श होता. त्यांना उसना घ्यायची गरज नव्हती, जशी आपल्याला नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. राजस्थानात हाच मेसेज फिरतो, शब्दाला शब्द. फक्त शिवाजी महाराजांच्या जागी महाराणा प्रताप आणि रायगडाच्या जागी मेवाडची माती. म्हणजे त्या बाईंनी पिशवी नेमकी कुठे भरली, हे दोन राज्यांनी आधी आपसात ठरवून घ्यावं.

बरं, परक्याचाच दाखला हवा असेल तर तो अस्सल आहे की. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता. त्यानं लिहून ठेवलंय. दरबारातून बाहेर पडताना दारात त्याला दोन लहान हत्ती आणि साज चढवलेले दोन देखणे घोडे दिसले, आणि इतक्या अवघड वाटेनं ही जनावरं वर आणली कशी, याचं त्याला नवल वाटलं. रायगड पायी चढलेल्या माणसाला यातली मजा कळेल. समोरासमोर बघितलेल्या माणसाची ही साक्ष साडेतीनशे वर्षं आपल्याकडे पडून आहे, ती फॉरवर्ड करायला कुणाला सुचत नाही.

एवढं होऊनही हा मेसेजातला सगळ्यात वाईट मुद्दा नाही. तो मान सातव्याचा. ‘वेरूळचं कैलास मंदिर माणसानं बांधणं अशक्य. ४ लाख टन दगड १८ वर्षांत काढला, म्हणजे रोज ६० टन! आधुनिक यंत्रांनाही हे जमणार नाही. तो दगड गेला कुठे? परग्रहवासीयांचं तंत्रज्ञान?’ शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की थाप मारल्याचा दोष लागत नाही, अशी यांची समजूत आहे.

गणितच करू. अंगण सुमारे ८२ मीटर लांब, ४६ मीटर रुंद, आणि मागची भिंत, जिथे ती सगळ्यात उंच आहे तिथे, ३३ मीटर. हा सगळा खड्डा सगळीकडे ३३ मीटर खोल आहे आणि आत मंदिर नाहीच असं धरलं, तरी होतात सव्वा लाख घनमीटर. बेसॉल्टचं वजन घनमीटरला तीन टनांच्या आतबाहेर. म्हणजे फार तर पावणेचार लाख टन. आता डोंगर पुढे उतरता आहे, तो भाग वजा करा. मधे अख्खं दुमजली मंदिर, हत्ती, ध्वजस्तंभ उभे आहेत, तेही वजा करा. भोवतालच्या ओवऱ्यांचा दगड मिळवा हवं तर. ४ लाखांच्या जवळपासही तुम्ही पोचत नाही.

तरी मान्य करू, रोज ६० टन. ३०० माणसं कामाला लावली तर माणशी २०० किलो. २०० किलो बेसॉल्ट म्हणजे प्रत्येक बाजू सव्वा फुटाहून थोडी जास्त असलेला एक ठोकळा. दिवसभरात. छिन्नी, सुतकी आणि पहार घेऊन. पावसाळ्यात काम बंद ठेवायचं तर ३०० ऐवजी ४५० माणसं धरा. हे मंदिर खोदवणाऱ्या राष्ट्रकूटांसारख्या सम्राटांना साडेचारशे माणसं मिळेनात? कुठल्याही दगडखाणीवर जाऊन एखाद्या वडार मुकादमाला हे आकडे सांगा आणि ‘यासाठी परग्रहावरून माणसं आणावी लागतील’ असं म्हणून बघा. तो काय उत्तर देईल ते मला इथे लिहिता येणार नाही.

‘१८ वर्षं’ हा आकडाही कुठल्या शिलालेखात नाही. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याची कारकीर्द साधारण इसवी सन ७५६ ते ७७३, तीच मोजून बांधकामाला लावलेली दिसते. प्रत्यक्षात सगळं एकाच काळातलं नाही. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी दाखवलंय की मुख्य मंदिर कृष्णाच्या काळातलं असलं तरी आवारातल्या लंकेश्वर लेण्यासारखे भाग नंतरचे आहेत. आणि ‘कळसाकडून खाली खोदत आणलेली जगातली एकमेव वास्तू’ म्हणाल, तर महाबलीपुरमची अखंड दगडात कोरलेली ‘रथ’ मंदिरं त्याआधीची, आणि वेरूळमध्येच ३० क्रमांकाचं जैन लेणं आहे, छोटा कैलास. मोठ्याचं बघून केलेलं.

मुळात वेरूळला गेलेल्या माणसाला हा प्रश्न पडूच नये. ३४ लेणी आहेत एका रांगेत. कैलासाच्या शेजारच्याच १५ व्या लेण्यात दंतिदुर्गाचा लेख आहे, म्हणजे कृष्णाच्या आधीच्या राजाचा, त्याच्या पुतण्याचा. काही लेणी अर्धवट सोडलेली आहेत, त्यांत डोकावलं की काम कसं पुढे सरकत जायचं ते दिसतं. कैलासाच्या अंगणात मागच्या उंच भिंतीकडे जा आणि ऊन तिरपं असताना बघा. छिन्नीच्या रेघा ओळीनं दिसतात, हात लांब करून जिथवर पोचतो तेवढ्या टप्प्याच्या. मंदिरावर कुठे कुठे पांढऱ्या गिलाव्याचे पापुद्रे आणि रंग अजून टिकलेत. याला लोक रंगमहाल म्हणायचे ते त्यामुळे. परग्रहवासी चुना लावत बसले होते का?

ज्यांना कागद लागतो त्यांच्यासाठी कागदाहून टिकाऊ पुरावा आहे. बडोद्याला सापडलेला ताम्रपट, गुजरातच्या राष्ट्रकूट शाखेतल्या कर्कराजाचा, इसवी सन ८१२ चा. डॉ. रा. गो. भांडारकरांनी त्यावर १८८३ मध्येच लिहिलं. त्यात एलापुरावरच्या, म्हणजे वेरूळच्या, शिवमंदिराचं वर्णन आहे. विमानातून जाणारे देव ते बघून थक्क होतात आणि म्हणतात, हे स्वयंभूच असणार, घडवलेल्या वस्तूत एवढी शोभा येत नाही. (इथे ‘विमान’ शब्द दिसला म्हणून नवा मेसेज तयार करू नका.) आणि लगेच पुढे तो शिल्पकार येतो. पुन्हा असं काम आपल्या हातून होणार नाही हे कळल्यावर तो स्वतःच चकित होऊन म्हणतो, ‘अरे, हे मी केलं तरी कसं!’

मंदिरानंतर जेमतेम चाळीस वर्षांनी कोरलेलं हे वाक्य. कैलास अशक्य वाटतो ही भावना मेसेजवाल्यांची नाही, बाराशे वर्षं जुनी आहे. पण त्या ताम्रपटात नवल वाटणारा आणि ते काम करणारा माणूस एकच आहे. त्याचं श्रेय काढून उडत्या तबकडीतून उतरलेल्यांना देणं हा कसला अभिमान? त्या कारागिरांवर पट्टदकल आणि कांचीच्या मंदिरांचा ठसा आहे, त्यातले बरेच दक्षिणेकडून आले असावेत असं अभ्यासक मानतात. ‘शंभर टक्के मराठी’ लिहिणाऱ्यांना ते अवघड जात असेल. त्यापेक्षा परग्रह बरा!

युनेस्कोचे दोन मुद्दे राहिले. ‘युनेस्कोनं मराठीला अभिजात दर्जा दिला.’ नाही. तो निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाचा, ३ ऑक्टोबर २०२४ चा, आणि मराठीबरोबर पाली, प्राकृत, असमिया आणि बंगालीलाही तो मिळाला. आतेभावा, हे मात्र विचारू शकतात, पाचही नावं पाठ कर.

दुसरा, ‘महाराष्ट्रातले १२ किल्ले जागतिक वारसा.’ नाइलाजानं म्हणते, जवळपास बरोबर. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची नोंद झाली. पण महाराष्ट्रातले ११. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. बारावा जिंजी, तो तमिळनाडूत. आमच्या ग्रुपवर मी एवढं लिहिलं तर एका काकांचं उत्तर आलं, ‘मग तो यादीत घातला कशाला?’

काका, तो घातला नसता तर यादी अपुरी राहिली असती. महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीत जिंजी घेतला. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर रायगड पडला, तेव्हा राजाराम महाराज जिंजीला पोचले आणि १६९८ च्या सुरुवातीला किल्ला पडेपर्यंत मोगलांचा वेढा तिथेच अडकून राहिला. तोवर इकडे रामचंद्रपंत अमात्य कारभार बघत होते आणि संताजी-धनाजी मोगली फौजांना फिरवत होते. त्या आठ वर्षांत मराठ्यांची राजधानी जिंजीच होती. बारातला हा एक मुद्दा खरोखरच बहुतेकांना माहीत नसतो, आणि तोच मेसेजात चुकलाय.