एरॉल फ्लिनचा शेवटचा सिनेमा: एका चिडलेल्या प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. आधी रागच आला, उत्तर टाईप केलं, पुसलं, परत टाईप केलं, मग म्हटलं झोपूया, सकाळी बघू. सकाळी परत वाचल्यावर लक्षात आलं की यातलं निम्मं तरी बरोबर आहे, त्यामुळे आता शांतपणे लिहितोय.

ज्यांनी मधेच वाचायला घेतलंय त्यांच्यासाठी: मी हॉलिवूडचा एकेकाळचा स्टार एरॉल फ्लिन याच्या 'क्युबन रेबेल गर्ल्स' या शेवटच्या सिनेमावर लिहिलं होतं. प्रतिक्रिया देणाऱ्यांचं म्हणणं असं की इतक्या भिकार सिनेमावर लिहिणं म्हणजे उकिरडे फुंकणं, शिवाय दारूने संपलेल्या एका नटाला मी फुकटात क्रांतिकारक करून टाकलंय, आणि या सिनेमाची नायिका बेव्हर्ली आडलंड हिच्या बाबतीत त्याच्यावर पांघरूण घातलंय. 'यापेक्षा गॅदरिंगचं नाटक बरं' हे वाक्य तर असं आहे की मलाच का नाही सुचलं असं वाटलं.

बेव्हर्लीपासून सुरू करतो, कारण तिथे मी सरळ सरळ चुकलोय. मी 'प्रेमप्रकरण' असा शब्द वापरला होता. फ्लिन १९०९चा, बेव्हर्ली १९४२ची, दोघांची गाठ पडली १९५७ साली, म्हणजे ती १५ वर्षांची आणि हा ४८चा. याला प्रेमप्रकरण म्हणायचं नसतं, तो गुन्हा असतो. आणि हे काही पहिल्यांदाच झालं असंही नाही, अल्पवयीन मुलींवरून त्याच्यावर आधी खटला झाला होता, १९४३ मध्ये त्यातून तो निर्दोष सुटला, आणि नंतर लोकांनी त्यावर जोक केले, सिनेमे चालूच राहिले. मूळ लेखातला तो शब्द काढलाय. पण सिनेमा परत लावला तेव्हा एक गोष्ट दिसली जी पहिल्या वेळी माझ्या नजरेतून सुटली होती. पटकथा फ्लिनचीच आहे, नायिका बेव्हर्ली आहे, आणि तिला त्याने पडद्यावर प्रियकर दिलाय तो क्युबात लढायला गेलेला एक तरुण अमेरिकन पोरगा. फ्लिन स्वतः सिनेमात स्वतःच्याच नावाने आहे, बातमीदार म्हणून, आणि त्यात तो तिचा कोणीही लागत नाही. म्हणजे काय दाखवायचं नाही हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत होतं.

आता क्रांतिकारक. 'फ्लिन क्युबात कास्ट्रोबरोबर लढला' असं मी लिहिलं होतं ते चूकच, 'लढलो असं तो सांगायचा' इतकंच लिहायला हवं होतं. झालं असं की १९५८च्या डिसेंबरच्या अखेरीला तो क्युबाच्या ओरिएंते प्रांतात जाऊन बंडखोरांचा पुढारी कास्ट्रो याला भेटला, आणि १ जानेवारी १९५९च्या पहाटे क्युबाचा हुकूमशहा बातिस्ता देश सोडून पळाला. वरात मांडवात शिरता शिरता हा घोड्यावर बसला. पायाला जखम झाली वगैरे कहाणी आहे ती त्याच्याच तोंडची. त्यानंतर अमेरिकेतल्या हर्स्ट या वृत्तपत्रमालकाच्या वर्तमानपत्रात त्याचे लेख आले, मी कसा बंडखोरांच्यात होतो या थाटाचे. गंमत म्हणजे ही तीच हर्स्टची वर्तमानपत्रं ज्यांनी १८९८ साली क्युबावरूनच स्पेनविरुद्ध युद्धाची हवा तापवली होती, साठ वर्षांनी परत तिथेच, या वेळी सिनेनट पाठवून. आणि ज्या बातिस्ताच्या राज्यातल्या हवानाचे कॅसिनो याने वर्षानुवर्षं उपभोगले त्याच बातिस्ताच्या विरोधात हा उभा राहिला, हेही खरं. पैशाची नड होती, टॅक्स थकलेला, घटस्फोटांच्या पोटग्या, 'विल्यम टेल' नावाचा सिनेमा १९५३ साली इटलीत पैसे संपून अर्धवट पडला त्यात स्वतःचे बुडालेले.

पण तुम्ही म्हणता तसं हे सगळं फक्त पैशासाठीच होतं असं मला वाटत नाही. १९३७ साली, ऐन स्टार असताना, गरज नसताना हा माणूस यादवी चालू असलेल्या स्पेनमध्ये जाऊन आला होता, तिथे तो मेला अशी आवईसुद्धा उठली होती. धोक्याच्या जागी जाऊन फोटो काढून घ्यायची त्याला खाज होती म्हणा हवं तर. खाज आणि श्रद्धा यातलं अंतर किती ते तुम्हीच मोजा, मला तरी ते सिनेमा बघून मोजता आलं नाही.

कास्ट्रोच्या लोकांनी सत्तेवर आल्यावर माणसं गोळ्या घालून मारली त्याबद्दल मी काहीच लिहिलं नाही, हा तुमचा मुद्दा मान्य. जानेवारी १९५९ पासूनच तिथे झटपट खटले आणि फाशीऐवजी बंदुकीची रांग सुरू झाली होती, हवानात तर स्टेडियममध्ये लोकांसमोर खटला चालवला. सिनेमा यावर गप्प आहे आणि मी पण गप्प राहिलो. आणि 'बंडखोर मुली' म्हणाल तर खऱ्या होत्या की! सप्टेंबर १९५८ मध्ये कास्ट्रोने 'मारियाना ग्राहालेस' नावाची बायकांची लढाऊ तुकडी उभी केली, अंतोनियो मासेओ या क्युबाच्या जुन्या स्वातंत्र्ययोद्ध्याच्या आईचं नाव. पुरुषांनाच बंदुका पुरत नाहीत आणि बायकांना कशाला देता असं त्याचेच लोक कुरकुरले होते. सिनेमा काढायचा तर यांच्यावर काढायला हवा होता. त्याऐवजी आपण बघतो अमेरिकेतून डॉलर घेऊन आलेली एक सोनेरी केसांची पोरगी. असो.

आता मुख्य भांडण, भिकार सिनेमाचं.

सिनेमा भिकारच आहे. मी कुठे नाही म्हणतोय? ६८ मिनिटांचा, ब्लॅक अँड व्हाईट, नटांना बोलता येत नाही, गोळीबार म्हणजे दिवाळीत गल्लीत पोरं टिकल्या उडवतात तसा. दिग्दर्शक बॅरी माहोन हा दुसऱ्या महायुद्धातला लढाऊ विमानाचा पायलट, जर्मनांच्या कैदेत राहून आलेला, मग फ्लिनचा मॅनेजर, आणि पुढे त्याने अर्धनग्न बायकांचे स्वस्त सिनेमे काढले आणि त्याच्यानंतर चक्क लहान मुलांचे! त्या माणसावरच वेगळा लेख होईल.

पण बघा, १९३५ साली फ्लिन ज्या 'कॅप्टन ब्लड'ने स्टार झाला तो कशावर होता? कॅरिबियन समुद्रात गुलाम म्हणून विकला गेलेला एक डॉक्टर बंड करून जहाज पळवतो. शूटिंग सगळं कॅलिफोर्नियात, समुद्र पण स्टुडिओतला. चोवीस वर्षांनी तोच माणूस खऱ्या कॅरिबियनमध्ये, खऱ्या बंडखोरांमध्ये, कास्ट्रोच्या परवानगीने उभा आहे आणि आता त्याच्याकडे लाईट नाहीत, मेकअप नाही, तलवार फिरवायची ताकद नाही. स्टुडिओकडे पैसा असता तर चेहरा मऊ उजेडात ठेवला असता, पोट लपेल असा कोट शिवला असता, पळायच्या शॉटला डुप्लिकेट आणला असता. लपवायला पैसे लागतात हो. इथे ते नव्हते म्हणून कॅमेऱ्यासमोर जे होतं तेच आलं, सुजलेला चेहरा, जड झालेली जीभ, पन्नाशी गाठलेला आणि साठीचा वाटणारा माणूस. मला हे बघताना आपल्याकडचे जुने लोक बालगंधर्वांच्या उतारवयातल्या प्रयोगांबद्दल जसं बोलतात ते आठवत होतं, म्हणजे बघवत नव्हतं आणि उठून जाताही येत नव्हतं. (फरक मोठा आहे, बालगंधर्वांकडे गळा होता. फ्लिनकडे फक्त हसू उरलं होतं, तेही एकदाच येतं.)

तुलना हवी तर त्याच १९५९ साली कॅरल रीडने हवानात 'अवर मॅन इन हवाना' शूट केला, ॲलेक गिनेसला घेऊन, कास्ट्रो स्वतः सेटवर बघायला येऊन गेला. तो कितीतरी चांगला सिनेमा आहे, वादच नाही. पण त्याची गोष्ट बातिस्ताच्या काळातली, आणि त्यातलं शहर देखणं, नीट फ्रेममध्ये बसवलेलं. फ्लिनच्या सिनेमात कोणी काही बसवलेलंच नाही, म्हणून कधी नुसता रस्ता दिसतो, कधी मागे उगाच उभा असलेला कोणीतरी दिसतो. मी लेख लिहिला तो या मागे उभ्या असलेल्यांसाठी.

शिवाय वेळ बघा. एप्रिल १९५९ मध्ये कास्ट्रो अमेरिकेत फिरतोय, लोक गर्दी करतायत. मे मध्ये जमीन सुधारणा कायदा आला आणि अमेरिकन मळेवाल्यांचं बिनसलं. १४ ऑक्टोबरला फ्लिन कॅनडात व्हँकूव्हरला वारला, तिथे तो आपल्या 'झाका' नावाच्या बोटीच्या व्यवहाराच्या खटपटीत होता, बेव्हर्ली बरोबर होती, तेव्हा ती १७ची. डिसेंबरात सिनेमा लागला. जानेवारी १९६१ मध्ये अमेरिकेने क्युबाशी संबंधच तोडले. कास्ट्रोला हिरो करणारा अमेरिकन सिनेमा काढायला जी काही महिन्यांची फट होती त्यात हा अडकलेला आहे, आधी कोणी काढला नसता आणि नंतर कोणाची हिंमत झाली नसती.

राहिला तुमचा प्रश्न, मराठी वाचकाचा या सिनेमाशी काय संबंध. संबंध असायलाच हवा असं काही नाही, पण माझ्यापुरता आहे. बाबांनी लहानपणी पुण्यात कँपात वेस्ट एंड थिएटरला फ्लिनचा 'रॉबिन हूड' बघितला होता आणि घरी खराटा घेऊन तलवारबाजी करताना आजीचं तुळशीवृंदावन फोडलं होतं, ही गोष्ट आमच्याकडे दर दिवाळीला निघते. त्यांना मी हा शेवटचा सिनेमा लॅपटॉपवर लावून दिला. दहा मिनिटं बघितला, मग म्हणाले, "हा तो नव्हे." मी म्हटलं, तोच आहे. ते उठून चहा टाकायला गेले.

आणि हो, खाली तुम्ही विचारलंय की फ्लिन भारतात आला होता हे खरं का. खरं आहे, 'किम'साठी आला होता. तो सिनेमा १९५०चा, त्यात तो मेहबूब अली नावाचा पठाण घोडेवाला झालाय, लाल दाढी लावून. बघितला नसेल तर बघा, त्यात मेकअपला भरपूर पैसे होते.