तेलाचा रंग लाल आहे, एवढे पुरेसे नाही

गाडीच्या सर्व्हिसिंगविषयीचा एक संदेश मोठ्या विश्वासाने पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: ट्रान्समिशन ऑइल, म्हणजे गिअरबॉक्समधले तेल, हे शेवटी वंगणच, लाल रंगाचे कोणतेही ‘युनिव्हर्सल’ तेल कोणत्याही ऑटोमॅटिक गाडीला चालते, कंपन्या फक्त डब्यावरचे नाव बदलून जादा पैसे घेतात, शंका असेल तर जरा दाट तेल घालावे, मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी जीएल-५ हा गिअर ऑइलचा वर्ग जीएल-४ पेक्षा वरच्या दर्जाचा, आणि तेल ‘लाइफटाइम’ असेल तर त्याला हात लावू नये, कारण जुने तेल बदलले की गिअरबॉक्स बसतो. यातील एकदोन विधानांत थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच उरलेली विधाने खपून जातात.

पहिले विधान मुळातच चुकीचे आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेल वंगणाचे काम करतेच, पण त्याबरोबर ते टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनची शक्ती पुढे नेते, व्हॉल्व्ह बॉडीत दाब निर्माण करून गिअर बदलते, उष्णता वाहून नेते आणि क्लच प्लेट एकमेकींना कशा धरतील हेही ठरवते. हे शेवटचे काम सर्वांत नाजूक आहे. तेलाने घर्षण केवळ कमी करून भागत नाही. ते नेमके हवे तेवढेच ठेवावे लागते. त्यासाठी तेलात घर्षण नियंत्रित करणारी रसायने मिसळतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या कामासाठी स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल वापरले जात असे आणि त्याच्या वापरावर बंदी आल्यावर उत्पादकांना पर्यायी रसायने शोधावी लागली. साध्या वंगणासाठी एवढा खटाटोप कोणी केला नसता.

‘लाल म्हणजे एकच’ हा समज खोडायला एक जुने उदाहरण पुरते. १९६० च्या दशकात फोर्डचे टाइप एफ आणि जनरल मोटर्सचे डेक्सरॉन ही दोन्ही तेले लाल होती, पण त्यांचा स्वभाव परस्परविरुद्ध होता. टाइप एफमध्ये घर्षण कमी करणारी रसायने नव्हती, त्यामुळे क्लच घट्ट आणि झटक्याने पकडत. डेक्सरॉनमध्ये ती होती, त्यामुळे पकड हळुवार बसे. एकासाठी बनवलेल्या क्लचला दुसरे तेल दिले, तर एकीकडे प्लेट जास्त वेळ घसरून तापतील आणि दुसरीकडे गाडी धक्के देईल. लाल रंग हा केवळ मिसळलेला रंग असतो. गळती झाली तर ती इंजिन ऑइलची की गिअरबॉक्सची, हे ओळखण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

सीव्हीटीच्या, म्हणजे ठरावीक पायऱ्यांचे गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या बाबतीत ही चूक सर्वांत महाग पडते. तिथे पोलादी पट्टा पोलादी पुलींच्या मध्ये दाबून धरलेला असतो आणि सगळी शक्ती त्या स्पर्शातून, तेलाच्या अतिशय पातळ थरामधून पुढे जाते. त्यामुळे सीव्हीटीच्या तेलाने धातूंची झीज रोखायची असते आणि त्याच वेळी पट्टा घसरूही द्यायचा नसतो. साधे एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) या दुसऱ्या कसोटीसाठी बनवलेले नसते. पट्टा एकदा घसरला की पुलीवर ओरखडे उठतात आणि ते तेल बदलून भरून येत नाहीत. मात्र केवळ ‘सीव्हीटी’ हे नाव पाहूनही निवड करू नये. टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांतील ई-सीव्हीटीमध्ये असा पट्टाच नसतो, तिथे ग्रहमालेसारखी दातेरी चाके असतात आणि दुसऱ्या पिढीच्या प्रियस गाडीत तर डब्ल्यूएस हे टोयोटाचे एटीएफच भरले जाई. दोन क्लच असलेल्या ‘ड्युअल क्लच’ गिअरबॉक्समध्येही असेच आहे. फोक्सवॅगनच्या डीक्यू२५० मध्ये क्लच तेलात बुडालेले असतात, तर डीक्यू२०० मध्ये ते कोरडे असतात आणि गिअर व हायड्रॉलिक यंत्रणा यांची तेले वेगवेगळी असतात. दोन्ही गिअरबॉक्स ‘डीएसजी’ याच नावाने ओळखले जातात.

कंपन्या केवळ नाव बदलतात, या आरोपात मात्र काही अंशी तथ्य आहे. अनेक गाडी उत्पादक स्वतः तेल बनवत नाहीत, ते तेल कंपन्यांकडून बनवून घेतात, आणि तेच किंवा त्याच दर्जाचे तेल दुसऱ्या नावाने स्वस्तात मिळू शकते. ते जरूर घ्यावे. प्रश्न फक्त डब्यावर काय लिहिले आहे याचा आहे. गाडी उत्पादकाची ‘मान्यता’ आणि ‘अमुक गाड्यांसाठी योग्य’ हा तेल विकणाऱ्याचा स्वतःचा दावा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच डब्यावर परस्परांशी न जुळणाऱ्या वीसपंचवीस मानकांची यादी दिसली, तर ते तेल त्या सर्वांच्या मधला काही तरी मेळ साधते असे समजावे. असा मेळ जुन्या, साध्या गिअरबॉक्सला चालून जातो, पण घर्षणाबाबत काटेकोर असलेल्या नव्या गिअरबॉक्सला मी तो कधीही देणार नाही.

दाट तेलाचा सल्ला काळाच्या उलट दिशेने जातो. डेक्सरॉन-३ ची श्यानता (दाटपणा) १०० अंश सेल्सिअसला साधारण ७.५ सेंटिस्टोक्स असे. २००५ मध्ये आलेल्या डेक्सरॉन-६ साठी कमाल मर्यादा ६.४ आहे. पातळ असूनही ते जास्त टिकते, कारण जुने तेल सुरुवातीला दाट असले तरी वापरात लवकर पातळ होत असे. डेक्सरॉन-३ च्या जागी ६ वापरता येते, उलट मात्र करता येत नाही. बारीक छिद्रांच्या सोलेनॉइडमधून (विजेवर चालणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हमधून) दाट तेल थंडीत वेळेवर पोहोचत नाही आणि गिअर उशिरा पडतात.

जीएल-४ आणि जीएल-५ या उत्तम आणि अधिक उत्तम अशा पायऱ्या नाहीत. जीएल-५ हे डिफरन्शियलमधील (चाकांकडे शक्ती वाटून देणाऱ्या भागातील) हायपॉइड या तिरक्या दातांच्या गिअरच्या प्रचंड दाबासाठी असते, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची रसायने बरीच जास्त असतात. त्यांतील काही रसायने पितळी सिंक्रोनायझर रिंग खातात. आणि धातूला इजा झाली नाही, तरी निसरडेपणामुळे रिंग गिअरचा वेग वेळेत जुळवू शकत नाही व गिअर टाकताना करकर होते.

‘लाइफटाइम’ या शब्दात कोणाचे आयुष्य अभिप्रेत आहे, हे डब्यावर लिहिलेले नसते. अनेक गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस करते. तेल बदलल्यावर गिअरबॉक्स बसल्याच्या हकिकती खोट्या नाहीत, पण त्यांतील बहुतेक गिअरबॉक्स आधीच घसरत होते आणि त्या घसरण्यामुळेच मालकाने तेल बदलायला घेतले होते.

निवड करताना मालक पुस्तिकेत किंवा गिअरबॉक्सवरील पट्टीवर छापलेला मानकाचा सांकेतिक क्रमांक वाचावा आणि तोच डब्यावर शोधावा. गाडीचे नाव आणि वर्ष सांगून मिळालेल्या तोंडी उत्तरावर थांबू नये, कारण एकाच वर्षीच्या एकाच गाडीला दोन प्रकारचे गिअरबॉक्स असू शकतात. चुकीचे तेल पडल्याचे लक्षात आले, तर गाडी न चालवता ते लगेच काढावे. एकदा बोल्ट उघडून सगळे तेल निघत नाही, बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते; म्हणून योग्य तेल भरून, इंजिन थोडा वेळ चालवून ते पुन्हा काढण्याची क्रिया दोनतीन वेळा करावी लागते, आणि शेवटची पातळी उत्पादकाने सांगितलेल्या तापमानालाच तपासावी लागते.