बारा लाखांचं सोडा, मावशीचे सात हजार बघा

मी लोकांचे आयकर रिटर्न भरून देते, म्हणून आज संध्याकाळी शेजारचा मुलगा आला. हिंजवडीत आहे, पगार माझ्या तिप्पट. म्हणे, "काकू, माझ्या मित्राला एका एजंटने कापलेला सगळा टॅक्स परत मिळवून दिला. तुम्ही का नाही देत?" कसा मिळवला? कुठल्याशा राजकीय पक्षाला देणगी दिल्याचं दाखवून. पक्षाचं नाव त्या मित्रालाही माहीत नाही! म्हटलं, बाबा रे, १४ जुलै २०२५ लाच आयकर विभागाने याच प्रकारासाठी देशभर १५० ठिकाणी तपासणी केलीय. खोटी वजावट, म्हणजे उत्पन्नातून खोटी वगळलेली रक्कम, सापडली तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड, वर कर आणि व्याज वेगळं. हसला. "कोण बघतंय, काकू?"

चहा पाजून पाठवला, पण डोकं तापलंय.

कारण गौरी-गणपती उरकून मी वाईला मावशीकडे जाऊन आलेय. काका झेडपीचे शिक्षक होते. आता तिला फॅमिली पेन्शन आणि एफडीचं व्याज, सगळं मिळून वर्षाला अडीच लाख. म्हणजे कर शून्य. तरी बँकेने सत्तर हजारांच्या व्याजातून सात हजार कापले. १५एच फॉर्म, म्हणजे 'माझा कर शून्य, कापू नका' असं बँकेला लिहून देणं, एप्रिलमध्येच भरून दिला असता तर कापले नसते, पण तिला ते सांगणार कोण? काउंटरवरचा साहेब म्हणाला, "आजी, रिटर्न भरा, मिळतील." आणि पुढच्या माणसाला हाक मारली. तिला वाटलं रिटर्न म्हणजे श्रीमंतांचं काम. दरवर्षी पैसे गेले, ती गप्प राहिली.

आता तुम्ही म्हणाल, बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही ना, मग रिटर्न कशाला? दिवसातून दहा जण विचारतात. अहो, ते बारा लाख एप्रिल २०२५ नंतरच्या कमाईसाठी. २०२५ मध्ये भरला तो त्याच्या आधीच्या वर्षाचा हिशोब, तिथे नवीन करपद्धतीत सूट सात लाखांपर्यंत होती. शिवाय कर शून्य आला म्हणून रिटर्न माफ होत नाही. त्या वर्षाच्या हिशोबात उत्पन्न तीन लाखांच्या वर गेलं की भरायचाच होता. मावशी तीन लाखांच्या आत, तिला सक्ती नाही. पण कापलेले पैसे हवे असतील तर दुसरा रस्ताही नाही.

मागच्या वर्षांच्या पैशांचं काय? तर ऐका. तुमच्याकडून कर देणं राहिलं असेल तर 'अपडेटेड रिटर्न'चं दार आता चार वर्षं उघडं असतं. पण त्याच दाराने स्वतःचे पैसे परत मागता येत नाहीत! विलंब माफीचा अर्ज करता येतो, पाच वर्षांपर्यंतचा, मान्य. पण तो अर्ज सत्त्याहत्तर वर्षांच्या मावशीने लिहायचा?

आणि पगारदाराला नवीन पद्धतीत ७५,००० ची सरसकट वजावट, फॅमिली पेन्शनवाल्या विधवेला जास्तीत जास्त २५,०००. मावशीचा कर तसाही शून्य, तिला फरक पडत नाही. मला पडतो.

बरं, त्या मुलाचंही एक खरं आहे. पगारदाराचा रुपया न् रुपया दिसतो, बाजारपेठेतल्या कित्येकांचा दिसत नाही. चीड येणारच. पण म्हणून खोटी पावती?

आयकराच्या पोर्टलला मी एरवी शिव्या घालते, पण माहिती आधीच भरून येते हे चांगलं झालंय. मावशीचं व्याज, कापलेला कर, सगळं समोर आलं. अडलं कुठे, तर ओटीपीपाशी. आधारला अजून काकांचाच नंबर. तो फोन कपाटात, बंद. आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलला, मग लॉगिन. सगळं झाल्यावर मावशी हळूच म्हणते, "अगं, सरकारला राग तर नाही ना येणार, मी मागितले म्हणून?"

स्वतःचेच सात हजार, आणि ही घाबरतेय.

तुमच्याही घरात कोणी असेल असं. त्यांचं पासबुक बघा, टीडीएसची, म्हणजे आधीच कापलेल्या कराची, ओळ शोधा. २०२५ मध्ये मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर आणि शेवटी १६ सप्टेंबर झाली होती. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचा भरता येतो, तेव्हाही रिफंड मागता येतो. मी संध्याकाळी सातनंतर घरीच असते, येताना आधारला जोडलेला फोन आणा. आणि भरून झाल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा, म्हणजे ओटीपी टाकून रिटर्न पक्का करा. दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी दिवाळीत कुणाचातरी फोन येतो, "ते करायचं राहिलंच की!"