एकादशीच्या घरी शिंपले

नाशिकमध्ये पाणी किती चढलं हे मारुतीला विचारायचं असतं. गोदेला पूर आला की पात्रात उभ्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असे फोन सुरू होतात आणि निम्मं गाव बघायला पळतं. पाणी कमी-जास्त होतं, पण नदी आपली जागा सोडत नाही. याच भरवशावर आम्ही गेल्या हिवाळ्यात समुद्र बघायला बोर्डीला गेलो.

समुद्र जागेवर नव्हता.

दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, त्र्यंबक-मोखाडा-जव्हारची वळणं, लेकाच्या दोन उलट्या, एवढं सगळं करून सुरूच्या झाडांमागे गाडी लावली, तर समोर नुसती काळपट ओली वाळू. पार तिकडे, क्षितिजाजवळ, एक चकचकीत रेघ. "तो बघ समुद्र," नवरा म्हणाला. लेक म्हणाला, "बाबा, मग आपण अजून पोचलोच नाही ना?"

त्या दिवशी एकादशी. त्यामुळे सासूबाई घरून साबुदाण्याच्या खिचडीचा डबा, शेंगदाण्याचे लाडू आणि थोडा कडक चेहरा घेऊन आल्या होत्या. सुरूच्या सावलीत सतरंजी टाकून त्यांनी डबा उघडला. तेवढ्यात वाळूत शिंपल्या वेचून परतणारी एक मावशी टोपली डोक्यावर घेऊन जवळून गेली. मी विचारलं, "मावशी, पाणी कधी येतं हो?"

"आज एकादस ना? सव्वाआठ-नऊला येऊन गेलं. आता रात्रीच."

मग तिने उभ्या उभ्याच हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. अकरा तिथी, त्याची पाऊणपट सव्वाआठ. गावागावाप्रमाणे थोडं पुढेमागे. तिथून सहा तासांनी पुरती ओहोटी. म्हणजे आम्ही नाशिकहून निघून, वाटेत दोनदा चहा पिऊन, अगदी मोजूनमापून समुद्र सगळ्यात लांब असतानाच पोचलो होतो. मोबाइलवर हवामान पाहिलं, रस्ता पाहिला, हॉटेलचे फोटो पाहिले. समुद्राची वेळ मात्र सासूबाईंच्या खिचडीच्या डब्यात होती.

"कालनिर्णय भिंतीवर शोभेला लावलंय तुम्ही," सासूबाई म्हणाल्या आणि समाधानाने लाडू तोंडात टाकला.

समुद्र नाही तर नाही, शिंपले तरी वेचू म्हणून आम्ही पायजमे-सलवारी दुमडून निघालो. हे काम दिसतं तसं सोपं नाही. पहिली दहा मिनिटं माणूस दिसेल ते उचलतो. मग त्याच्यात रसिक जागा होतो आणि तो आधीचे टाकून नवे उचलायला लागतो. नवऱ्याच्यात रसिक जागा झाला नाही, लासलगावचा व्यापारी जागा झाला. उकिडवा बसून तो प्रतवारी करायला लागला. "हा डागी. हा फुटका. ही गोल्टी, बारकी, बाजूला काढ." कांद्याच्या बाहेर याचं डोकं जात नाही.

काही शिंपल्यांना टोकाशी एक गोल भोक होतं, सुतार गिरमिट मारतो इतकं नीट. "बघ, माळ करायला तयारच," नवरा म्हणाला. रात्री खोलीवर लेकाने मोबाइलवर शोधून काढलं की ते भोक एक शिकारी गोगलगाय पाडते. आम्लाने कवच मऊ करायचं, दातेरी जिभेने खरवडत आत शिरायचं आणि आतल्याला खाऊन टाकायचं. म्हणजे मी जी माळ गळ्यात घालणार होते तिचा एकेक मणी म्हणजे एकेक खून. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "आणि हे सगळं एकादशीला माझ्या उशाशी ठेवणार का?"

पिशवी गाडीच्या डिकीत गेली. सकाळी लवकर निघालो, कारण द्वादशीचं पारणं सासूबाईंना घरीच, स्वतःच्या हातच्या वरणभातावर सोडायचं होतं.

जव्हारपर्यंत वास आला नाही, किंवा आला असेल तर प्रत्येकाने दुसऱ्यावर संशय घेऊन गप्प बसणं पसंत केलं. मोखाड्याला सासूबाईंनी पदर नाकाला लावला आणि घोलवडच्या चिकूंवर ठपका ठेवला. चिकूची पेटी मांडीवर घेऊन हुंगली. बिचारे चिकू निर्दोष होते. मग लेकाचे मोजे, मग कालचा डबा. त्र्यंबकला खाली उतरून डिकी उघडली आणि शेजारच्या गाडीतलं बिऱ्हाड काही न बोलता पलीकडे सरकलं.

घरी आल्यावर मी एक जुनं पातेलं घेतलं, शिंपले पाण्यात टाकले आणि गॅसवर चढवले. जुनं म्हणजे मला जुनं वाटलेलं. ते सासूबाईंचं पुरणाचं पातेलं होतं, हे मला पाण्याला आधण आल्यावर कळलं. वास आता जिन्यापर्यंत गेला होता. "लिंबू पिळ," सासूबाई ओरडल्या, "फ्रीजच्या वासाला तेच लागतं!" आणि त्यांनी स्वतःच दोन लिंबं पिळली.

शिंपले फसफसले. बुडबुडे, फेस, बारीक चरचर. "अगं बाई, जिवंत आहेत!" म्हणत सासूबाई देवघरापर्यंत मागे गेल्या. लेक समजावत होता, "आजी, तो चुनाच असतो गं, लिंबाने विरघळतो, गॅस सुटतोय." पण तेवढ्यात त्या फेसातून एका टोकदार शंखाच्या तोंडाशी एक लालसर नांगी हळूच बाहेर आली. शंखात एक खेकडा भाड्याने राहत होता. मूळ मालक कधीच गेलेला, आता भाडेकरूही गेलेला, आणि आमच्या वासाचा उगम हाच.

पुरणाच्या पातेल्यात, द्वादशीला, पारण्याच्या तोंडावर, खेकडा.

नवऱ्याला वाटलं, शास्त्राने वेळ मारून नेता येईल. तो म्हणाला, "आई, तुझ्या देवघरातला शाळिग्राम काय आहे? गंडकी नदीतला, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री जिवाचं कवचच आहे तो. हिमालयाच्या जागी तेव्हा समुद्र होता."

सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "त्याला वास येतो का?"

यावर भूगर्भशास्त्रात उत्तर नाही. पातेलं भंगारात गेलं. नवं आलं ते माझ्या पैशांनी, आणि जाड बुडाचं. लिंबाने निस्तेज झालेले शिंपले तुळशीच्या कुंडीत पडले आहेत. 'गोल्टी' सगळी खाली, मोठे वर, अशी नवऱ्याने त्यांची रास लावली आहे.

सासूबाईंना मात्र त्या मावशीच्या हिशेबाने झपाटलंय. समुद्र दीडशे किलोमीटरवर, पण रोज सकाळी कालनिर्णय बघून त्या गॅलरीतून भरतीची वेळ जाहीर करतात. गेल्या संकष्टीला खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्यांनी वरूनच सांगितलं, "आज चतुर्थी. तीन वाजता भरती!"

काकू भिजवलेली भगर तशीच टाकून धावत वर आल्या. "कुठे हो? पोलिसात की झेडपीत? आमच्या पिंट्याचे फोटो काढायचे राहिलेत!"