उजळणारी झाडे खरी, निळे फोटो खोटे

'काजव्याचे जनुक घातलेली झाडे आली, आता रस्त्यावर दिवे नकोत' असा मजकूर निळ्याजर्द झाडांच्या फोटोंसह फिरतो आहे. त्यात तथ्य थोडे आहे.

अंधारात उजळणारी पेटुनिया (एक फुलझाड) अमेरिकेत २०२४ पासून विकली जाते. तिथल्या कृषी खात्याने २०२३ मध्ये तिचा मार्ग मोकळा केला. पण तिच्यातली जनुके काजव्याची नाहीत, 'निओनोथोपॅनस नम्बी' या विषारी अळंबीची आहेत. १९८६ मध्ये तंबाखूच्या रोपात काजव्याचे जनुक घातले होते, तेव्हा ल्युसिफेरिन, म्हणजे प्रकाशाचे इंधन असलेले रसायन, बाहेरून पुरवावे लागले. अळंबीची जनुके मात्र झाडातल्याच कॅफिक आम्लापासून प्रकाशाचे इंधन बनवतात. म्हणून पेटुनिया आपली आपण उजळते, कळ्या तर जास्तच.

हा प्रकाश मंद आणि हिरवट. डोळे अंधाराला सरावले की दिसतो. पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात कुजक्या लाकडावरची उजळणारी बुरशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अंदाज येईल. त्यात पुस्तकही वाचता येणार नाही, रस्त्याचे काय घेऊन बसलात! आणि निळा प्रकाश ही जनुके देतच नाहीत.

सोबत 'चमकत्या बियां'ची लिंक असेल तर पैसे भरू नका. जनुकबदल केलेली रोपे भारतात आणायला-विकायला सरकारी परवानगी लागते.